कोरम नदीपलीकडे

आठ वर्षं घासून लिहिलेला प्रबंध एका माशापायी बुडायची वेळ येईल, असं कोणी वेनियामिन स्तेपानिचला आधी सांगितलं असतं, तर त्यानं आधार मागितला असता. सवयच तशी पडली होती. बायको "मीठ संपलंय" म्हणाली तरी हा विचारायचा, "कशावरून?"

प्रबंधाचा विषय होता रशियाच्या उत्तरेकडच्या आमच्या कोमी लोकांच्या खेड्यांतल्या गावसभा, त्यांचा कारभार आणि मातृभाषेतल्या शाळा. पानं चारशे. नाव ऐकूनच माणसाला डुलकी यावी असा विषय, हे आम्ही शेजारीपाजारी त्याच्या तोंडावर म्हणायचो आणि तो रागवायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. खेड्यातली शाळा जगणार की मरणार, हे खरं ठरवतं कोण? मॉस्को, कोमी प्रांताची राजधानी सिक्तिवकार, की त्या शाळेच्या चुलीत लाकूड घालणारी माणसं? स्वतः कोमी, आईशी कोमीतच भांडत वाढलेला. त्यामुळे विषय त्याच्या जिवाजवळचा होता, आणि जिवाजवळच्या विषयावर माणूस चारशे पानांच्या आत थांबत नाही.

तर प्रबंध झाला, बांधला गेला, आणि गुरुवारी दुपारी दोनला त्याचा व्हायवा ठरला. हा गुरुवार म्हणजे शेवटचा गुरुवार. विद्यापीठातलं त्या विषयाचं पदवी मंडळ वरून आलेल्या हुकमानं महिनाअखेर बंद व्हायचं होतं. त्यानंतर व्हायवा द्यायचा तर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मंडळापुढे, पहिल्या पानापासून सुरुवात. तोवर वेन्याची, म्हणजे आमच्या वेनियामिनची, नोकरी राहणार नव्हती. पदवी नसेल तर करार वाढत नाही, आणि त्याच्या जागेवर 'व्यवस्थापन' शिकवणारा एक गुळगुळीत दाढीचा तरुण आत्ताच डोळा ठेवून होता. वेन्या गेला की कोमी शाळांवरचा विद्यापीठातला एकुलता एक वर्ग गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता आमच्याकडे व्हायवा म्हणजे विद्वत्तेची परीक्षा असते, असा बाहेरच्यांचा समज आहे. विद्वत्ता आधीच तपासलेली असते. व्हायवाला परीक्षा असते ती माणसं गोळा करण्याची. मंडळातले दोन तृतीयांश सभासद जातीनं खोलीत हजर पाहिजेत, वहीत सही पाहिजे, नाहीतर सभाच होत नाही. शिवाय मंडळातले एक सभासद जानेवारीत वारले होते. पण त्यांचं नाव कमी केल्याचा हुकूम मॉस्कोहून आला नव्हता, म्हणून ते अजून एकूण संख्येत धरले जात आणि दर सभेला गैरहजर लागत. एक मुलीकडे गेलेला, एक स्पेनला, दोघांचे गुडघे. अशी सगळी वजाबाकी करून मंडळाच्या सचिव एल्विरा रोबेर्तोव्ना यांनी वेन्याला सांगितलं होतं, "कोरम काठोकाठ आहे. एक जरी माणूस शिंकून घरी बसला, तरी मी खोलीचं कुलूप काढणार नाही." बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. त्यांनी सख्ख्या भाच्याचा व्हायवा कोरमपायी परत पाठवला होता.

आणि व्हायवानंतर मेजवानी. मेजवानी नियमात बसत नाही, त्यामुळे ती कुठेच नसते आणि प्रत्येक व्हायवानंतर असते. राइसानं, म्हणजे वेन्याच्या बायकोनं, चेरीन्यान करायचं ठरवलं होतं. अख्खा मासा राईच्या कणकेत गुंडाळून भाजायचा, की झाली चेरीन्यान. ती ताटात नसेल तर कोमी घरात बारसंसुद्धा झाल्यासारखं वाटत नाही. राइसा इस्पितळात नर्स, वेळ कमी, म्हणून तिनं दुकानातून गोठवलेला मासा आणून ठेवला.

तिथे तिसऱ्या मजल्यावरची तोमामावशी आली. तोमामावशीनं तीस वर्षं कारखान्याची खानावळ चालवलेली. ती कुणाच्याही घरी गेली की आधी फ्रीज उघडते, मग तब्येत विचारते.

"हा कुठला गं?"

"दुकानातला, मावशी."

"मेलेला?"

"मासा मेलेलाच असतो की."

"मेलेला वेगळा आणि दुकानातला वेगळा," मावशी म्हणाली, आणि वेन्याकडे वळली. "चारशे पानं लिहिलीस आपल्या लोकांच्या रीतीभातींवर, आणि पाहुण्यांच्या ताटात समुद्रातला कॉड? मंडळी हसतील. तोंडावर नाही हसणार, मत टाकताना हसतील."

हे वाक्य वेन्याला लागलं. आठ वर्षांत कोणाच्या टीकेनं तो एवढा हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या जिन्यात त्यानं ते दुःख नेस्तर गाव्रीलिचच्या कानावर घातलं. नेस्तर गाव्रीलिच मिकुशेव म्हणजे मंडळातले सगळ्यात म्हातारे प्राध्यापक, अठ्ठ्याहत्तरीचे, जन्म नदीपलीकडच्या यागदोरचा. अजून तिथे घर, घरामागे वाफेची न्हाणी, आणि डोक्यात बाराही महिने मासा.

"दुकानातला?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला, मग लगेच उजळला. "अरे, सरता बर्फ आहे. सरत्या बर्फावर मासा वेडा होऊन येतो. रविवारी जातो, मंगळवारी घेऊन येतो."

"नेस्तर गाव्रीलिच, नदीवरची वाट बंद केलीय ना?"

"दरवर्षी करतात," म्हातारा म्हणाला, आणि विषय संपला.

यात त्याचं काही चुकलं, असं आमच्यापैकी कोणी म्हणणार नाही. एप्रिल सरताना नदीवर चालायला बंदी येते, आणि बंदी आली की सगळं शहर बर्फात भोक पाडायची गिरमिटं घेऊन नदीवर जातं. दोघातिघांना आपत्कालवाले उचलून काठावर आणतात, दम देतात, आणि ड्युटी संपली की स्वतः गिरमिट घेऊन जातात. वेन्यानंही म्हाताऱ्याला अडवलं नाही. उलट मोठा असेल तर बरं, असं हळूच सुचवलं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडतो तेव्हा तो धोंडा वजन करून निवडलेला असतो.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"मिळाला," नेस्तर गाव्रीलिच म्हणाले. "तीन मिळाले. एक तर असा आहे की तुमच्या ओव्हनमध्ये तिरका ठेवावा लागेल."

"वा, वा. मग निघताय ना?"

"निघालो असतो. पण नदी सुटली."

वेन्या खिडकीशी गेला. आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून नदीचा एक तुकडा दिसतो. काल तो पांढरा आणि गप्प होता. आज त्यात घराएवढे तुकडे एकमेकांना ढकलत चालले होते, आणि त्यातल्या एकावर कोणाचं तरी स्टूल होतं.

"तुम्ही काळजी करू नका," फोनमधून आवाज आला. "मासा बर्फात पुरलाय. आठवडाभर ताजा राहील."

"आणि तुम्ही?"

"मीही राहीन."

वेन्यानं फोन ठेवला. मग त्यानं एल्विरा रोबेर्तोव्नांना फोन केला, की एक सभासद नदीपलीकडून व्हिडिओवर दिसला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "दिसायला तर मेलेले सभासदही भिंतीवरच्या फोटोत दिसतात. सही करायला हात खोलीत हवा."

पुढचा तास सल्ल्यांचा होता. बातमी जिन्यानं खाली गेली आणि सल्ले जिन्यानं वर आले. तळमजल्यावरचा निवृत्त ड्रायव्हर म्हणाला, हेलिकॉप्टर सांग. तोमामावशी म्हणाली, म्हातारा आजारी आहे असं कळव, आपत्कालवाल्यांची गादीबोट आजाऱ्याला आणतेच. गादीबोट म्हणजे खाली रबराचा घेर आणि त्यात हवा, ती बर्फावरून आणि पाण्यावरून सारखीच घसरत जाते. नदी सुटली की पलीकडच्या गावांना तेवढाच आधार.

वेन्यानं लाजतलाजत फोन केला. "नेस्तर गाव्रीलिच, तुम्ही थोडे आजारी पडाल का?"

"मी?" म्हातारा दुखावला. "मी आयुष्यात एकदा आजारी पडलो. तेव्हा ज्या डॉक्टरनं मला सहा महिने दिले, त्याच्या तेराव्याला मी जेवून आलो."

"नुसतं म्हणायचं."

"आणि म्हणून चालणार नाही," राइसा स्वयंपाकघरातून म्हणाली. "बोटीतून आणलेला आजारी सरळ आमच्या वॉर्डात येतो. या वयाच्या माणसाला आम्ही आठवडाभर सोडत नाही. मीच सोडणार नाही." अशा रीतीनं तोही मार्ग घरातल्या घरात बंद झाला.

बुधवारी सकाळी वेन्या नदीकाठच्या चौकीवर गेला. चौकीवर दुर्किन नावाचा अधिकारी होता. जोडीदार रजेवर, म्हणून नोंदणारा तोच, परवानगी देणारा तोच आणि बोट हाकणारा तोच. तरीही वेन्यानं बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यानं आधी त्याला खिडकीसमोरच्या रांगेत उभं केलं. रांगेत दुसरं कोणी नव्हतं.

"आजारी?" दुर्किननं विचारलं.

"नाही."

"बाळंतीण?"

वेन्यानं खाली स्वतःकडे पाहिलं.

"विचारावं लागतं. पलीकडचे रहिवासी? डॉक्टर? निवडणुकीची मतपेटी?"

"मतदानच आहे एका अर्थानं," वेन्या म्हणाला. "विद्यापीठाचं. गुप्त मतदान. एका मतदाराला अलीकडे आणायचंय."

दुर्किननं बोटीत घेण्याजोग्यांची यादी दोनदा वाचली. "व्हायवा यात नाही. पाव आहे. पाव मी आत्ता नेतोय. पाव चढवायला माणूस लागतो, तो यादीत आहे. तुम्ही पाव उचलता का?"

वीस वर्षं अध्यापन केलेल्या माणसाला हा प्रश्न सहज विचारला गेला, आणि त्यानं 'हो' म्हटलं. कंबरेत कळ आली. शेवटचं खोकं ठेवताना काठावरून त्याचे दोन विद्यार्थी गेले, त्यांनी अदबीनं "नमस्कार, वेनियामिन स्तेपानिच" म्हटलं, आणि तो पावाच्या खोक्याआड वाकून राहिला.

जाणं मात्र झकास झालं. बोट गुरगुरत तुकड्यांवरून घसरत गेली, आणि वेन्याला वाटलं, संपलं संकट. म्हाताऱ्याला बसवायचं, मासा मांडीवर घ्यायचा, तासाभरात घरी. यागदोरचा काठ आला. काठाशी पाण्याखाली एक जुना ओंडका होता. फर्रकन आवाज झाला आणि बोट एका अंगाला बसली.

दुर्किननं उतरून पाहिलं. रबरी घेर हातभर फाटला होता. "गादी गेली," तो म्हणाला. "आता ही नुसती बोट आहे. आणि नुसती बोट आज नदीत घालत नाहीत."

वेन्यानं घरी कळवलं.

"तू गेलास कशाला?" राइसानं विचारलं.

"त्यांना आणायला."

"बरं. आणि आता तुला आणायला कोण जाणार?"

म्हणजे परिस्थिती अशी झाली. काल कोरममध्ये एक कमी होता, आज उमेदवारही कमी झाला. नेस्तर गाव्रीलिच न्हाणीच्या ओट्यावर बसून मासे साफ करत होते. वेन्याला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. "आलास? बरं झालं. वाफ तयार आहे." वेन्या रडायच्या बेतात होता. त्यांनी त्याला धरून न्हाणीत नेलं, भूर्जाच्या डहाळ्यांनी झोडपून काढलं, आणि चहा पाजला. त्यानंतर तो बसून नीट विचार करू शकला, एवढं खरं.

घेराला ठिगळ लावायला जाड रबरी कापड हवं होतं. गावात तसं एकच होतं, शाळेच्या सरपणावरची ताडपत्री. ती काढली तर वितळत्या बर्फाचं पाणी लाकडांत जाणार, आणि मेअखेरपर्यंत शाळेची चूल धुमसत राहणार. ताडपत्री शाळेची, म्हणजे सरकारची, म्हणजे ती द्यायची तर गावसभा हवी. अनिस्या ही गावची कारभारीण आणि शाळेची मुख्याध्यापिका, दोन्ही एकच. तिनं घंटा वाजवली.

इथे वेन्याला पहिल्यांदा धीर आला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण संपूर्ण यावरच होतं. 'नदी सुटल्यावर संपर्क तुटलेल्या गावांत गावसभा तातडीने व एकमताने निर्णय घेते.' पन्नास सभांची इतिवृत्तं वाचून त्यानं हे सिद्ध केलं होतं. अख्खी सभा मात्र त्यानं कधी बसून ऐकली नव्हती, कारण शहराची शेवटची बस लवकर सुटते. इतिवृत्तात निर्णय असतो. त्याआधी काय झालं, ते लिहिण्याइतकी शाई कोणत्याच गावात नसते.

शाळेच्या एकुलत्या एका वर्गात गाव जमलं. मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसली. दुर्किननं ताडपत्री मागितली, आणि सभा सुरू झाली ती कुत्र्यावरून. इग्नातचा कुत्रा कुणाची तरी कोंबडी घेऊन गेला होता. कुत्र्यावरून कुंपणावर आले, कुंपणावरून एका मेलेल्या सासऱ्यावर. कोणी म्हणालं विजेचा खांब कलला आहे. खांबाचा विषय निघाला तसे दोघे उठून बाहेर खांब पाहून आले आणि कलला नाही म्हणाले, त्यावर पुन्हा वाद झाला. वेन्या घड्याळाकडे पाहायचा आणि तिसरं प्रकरण आठवायचा.

"'तातडीने' म्हणजे किती वेळात, असं कोणी उद्या विचारलं तर?" त्यानं शेजारी बसलेल्या नेस्तर गाव्रीलिचना हळूच विचारलं.

"विचारतीलच," म्हातारा म्हणाला. "मी असतो तर विचारलं असतं. आणि मी असणार आहे ना."

शेवटी पेलागेया म्हातारी म्हणाली, "पण हे कापड लागतंय कोणाला? त्याला उभा करा."

वेन्या उभा राहिला. व्हायवासाठी घोकलेलं भाषण त्याच्या ओठांवर आलं, पण ते चालेना. तो साध्या कोमीत म्हणाला, की उद्या परीक्षा आहे, ती झाली तर पदवी मिळेल.

"नाही मिळाली तर?" पेलागेयानं विचारलं.

"नोकरी जाईल, आजी."

"हां. नोकरीचं समजलं. पदवीचं राहू दे."

मग अनिस्या बोलली. इतका वेळ ती फळ्याशी उभी होती. "वेनियामिन स्तेपानिच, तुम्ही आमच्या शाळेत तीनदा आलात. मुलांना प्रश्न विचारलेत, आमचा चहा प्यायलात. आमच्याबद्दल काय लिहिलंत?"

सगळा वर्ग वेन्याकडे वळला. कुत्र्याचा मालकही.

"तुम्ही तिसऱ्या गटात आहात," वेन्या म्हणाला.

"तिसरा गट म्हणजे?"

त्याला पळून जावंसं वाटलं. पण पळायला नदी मध्ये होती. "भवितव्य नसलेल्या शाळा," तो म्हणाला. "तो शब्द माझा नाही, खात्याचा आहे. मुलांच्या संख्येवरून ते गट पाडतात. मी फक्त..."

"शब्द त्यांचा असेल," अनिस्या म्हणाली. "पान तुमचं आहे."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर वेन्यानं वाद घातला असता. त्याचा खाली गेलेला चेहरा वर येईना. त्याच्या समोरच्या बाकावर कोणा पोरानं कोमी अक्षरं कोरली होती, आणि त्यानं चारशे पानं ज्या शाळांच्या बाजूनं लिहिली, त्यातलीच ही शाळा त्यानं एका कोष्टकात मारून टाकली होती, हे त्याला त्या बाकासमोर उभं राहून कळलं. फार वाईट वाटलं त्याला.

मग पेलागेयाच बोलली. "द्या त्याला ताडपत्री. इथे ठेवलात तर मे महिन्यापर्यंत आपलाच पाव खाईल. आणि त्यानं काय घरदार जाळलंय का आपलं? लिहिलंय नुसतं."

लोक हसले. त्यानंतरही हात वर व्हायला बराच वेळ गेला, कारण लाकडं कुठे ठेवायची हा प्रश्न राहिला. शेवटी ठरलं की प्रत्येकानं एकेक ढीग आपल्या पडवीत न्यावा आणि रोज सकाळी शाळेला लागेल तेवढं आणून द्यावं. जे सगळ्यात जास्त भांडले होते, तेच पहिल्यांदा लाकडं उचलायला गेले. खांबवाले दोघे एकच ओझं दोन टोकांना धरून निघाले. वेन्यानंही ओझी वाहिली. सकाळची कंबरेतली कळ विसरून वाहिली.

गुरुवारी सकाळी ठिगळ लावलेली बोट निघाली. ठिगळ शिवणाऱ्या बायकांनी ते इतकं घट्ट शिवलं होतं की दुर्किन म्हणाला, आता मूळ रबर फाटेल पण हे नाही. नदीत मध्येच एक मोठा तुकडा आडवा आला, तो जाईपर्यंत थांबावं लागलं. नेस्तर गाव्रीलिच त्या वेळात डुलकी काढत होते. वेन्यानं एका हातानं माशांचं खोकं धरलं होतं आणि दुसऱ्यानं कोरम.

अलीकडच्या काठावर राइसा सूट घेऊन उभी होती. शेजारी तोमामावशी, तिच्या हातात टाय. चौकीत दुर्किनच्या टेबलामागे वेन्यानं कपडे बदलले. मग खाली पाहिलं.

"बूट?"

राइसानं तोंडावर हात ठेवला. बूट घरी दारात पुसून ठेवले होते. इतके चकचकीत पुसले होते की तिथेच राहिले. वेन्याच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते, यागदोरच्या चिखलानं माखलेले. घरी जायला वेळ नव्हता.

"उभं राहायच्या टेबलामागे पाय कोणाला दिसतात?" तोमामावशी म्हणाली. विद्यापीठानं गेल्याच वर्षी ते जुनं टेबल काढून काचेचं घेतलं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

एल्विरा रोबेर्तोव्नांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली, नेस्तर गाव्रीलिचची सही घेतली, वाकून वासही घेतला. धूर, मासा आणि भूर्जाचा पाला. "कोरम आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खोलीचं कुलूप काढलं.

काचेच्या टेबलामागे रबरी बुटांत उभा राहून तो बोलला. भाषण बरं झालं. मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "तिसऱ्या प्रकरणात 'तातडीने' असा शब्द आहे. म्हणजे साधारण किती वेळात?"

"परवापर्यंत मला वाटायचं, लगेच," वेन्या म्हणाला. "काल मी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसलो. तातडी अजिबात नव्हती. कुत्र्यापासून सुरुवात झाली. पण उठताना कोणी मनात काही ठेवून उठलं नाही, आणि सगळ्यांनी लाकडं वाहिली. माझा शब्द चुकला. तो मी मागे घेतो." मग त्यानं कोष्टकाचं पान उघडलं. "आणि कोष्टकातला तिसरा गटही मागे घेतो. 'भवितव्य नसलेल्या शाळा' हा खात्याचा शब्द मी न तपासता माझ्या पानावर घेतला. तो मोजून ठरलेला नाही, नुसता दिलेला आहे."

खोलीत कुजबुज झाली. ऐन व्हायवात कोणी आपलाच निष्कर्ष मागे घेत नाही. एल्विरा रोबेर्तोव्नांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मागे घ्यायला मनाई कुठेच नव्हती, कारण असं कोणी करेल हे लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं. परीक्षक बाई म्हणाल्या, "उत्तरानं माझं समाधान झालं. बुटांचंही कारण समजलं." हशा पिकला.

गुप्त मतदान झालं. चिठ्ठ्या मोजल्या. एल्विरा रोबेर्तोव्नांनी वाचलं, एक विरुद्ध, बाकी सगळी मतं बाजूनं. पदवी मंजूर.

वेन्यानं डोळे मिटले. त्याला काही ऐकू आलं नाही, फक्त आठ वर्षं पाठीवरून उतरल्याचं कळलं. राइसा दारात रडत होती आणि रडतारडता त्याच्या बुटांकडे बघून हसत होती. सभासदांनी त्याला मिठ्या मारल्या, आणि त्या एका विरुद्ध मताबद्दल जास्तच अभिनंदन केलं. आमच्याकडे तसं मानतातच. सगळी मतं बाजूनं पडली की मॉस्कोला संशय येतो, एखादं उलटं पडलं की प्रकरण खरं वाटतं. तोमामावशीला मात्र ते पटेना. "पण कोण तो मेला?" ती प्रत्येकाला विचारत फिरली. "त्याला चेरीन्यान वाढणार नाही मी."

बाहेर बाकावर नेस्तर गाव्रीलिच बसले होते. वेन्या त्यांच्याजवळ गेला, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. कसे आभार मानावेत ते सुचेना.

"मीच तो," म्हातारा म्हणाला.

"कोण?"

"विरुद्धवाला."

वेन्या त्यांच्या शेजारी बसला. नदी, पावाची खोकी, फाटलेला घेर, ताडपत्री, सगळं ज्या एका माणसासाठी झालं, तो माणूस शांतपणे कोटावरचा माशाचा खवला नखानं काढत होता. "नेस्तर गाव्रीलिच, तुम्ही? मी तुम्हाला आणायला..."

"कोरमसाठी आणलंस. ते काम मी बसल्याबसल्या केलं," म्हातारा म्हणाला. "तू तोंडानं मागे घेतलंस, ऐकलं मी. म्हणून तर बाकीच्यांनी तुला पास केलं, आणि तुला पास व्हायलाच हवं होतं. पण छापलेलं पान तसंच मॉस्कोला जाणार. त्या पानाविरुद्ध गावचं एक मत पडायला हवं होतं. खोलीत यागदोरचं दुसरं कोण होतं?"

वेन्याला राग यायला हवा होता. आला नाही. अनिस्याच्या वर्गात छातीत जे अडकलं होतं ते पदवी मिळूनही तिथेच होतं, ते आत्ता सुटलं, आणि त्याला मोकळा श्वास घेता आला.

"बरं केलंत," तो म्हणाला. "मला मत असतं, तर दोन पडली असती."

"म्हणून तर उमेदवाराला मत देत नाहीत," म्हातारा म्हणाला आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठला.